कंबरेवरचा हात

दसरा उलटून चार-आठ दिवस झाले की आमच्या मालेगाव तालुक्याच्या शिवारात सोयाबीनची सोंगणी ऐन भरात येते. बाया ओळी धरून वाकलेल्या असतात. सोयाबीनचे झाड ते केवढे! गुडघ्याइतके, आणि कापायचे ते बुडाशी. तेव्हा वाकायचे म्हणजे अगदी जमिनीशी वाकायचे. विळा सरसर चालत असतो, वाळलेल्या शेंगांची टोके बोटांत रुतत असतात, आणि मधूनच एखादी बाई उभी राहते, दोन्ही हात मागे कंबरेवर टेकते, क्षणभर आभाळाकडे तोंड करते आणि पुन्हा वाकते. सारे मिळून पाच-सात सेकंदांचे काम. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी करताना वर्गाच्या खिडकीतून हे दृश्य मी तीसएक वर्षे पाहिले. पाहिले म्हणजे डोळ्यांसमोरून गेले, इतकेच.

दोन वर्षांपूर्वी धुऱ्यावरून जात असता अशाच एका ओळखीच्या बाईंना मी सहज विचारले, "काय काकू, कंबर दुखते का?"

"नाई गुरुजी. कंबर कायले दुखते?"

"मग उठतानी कंबरेवर हात कायले ठेवता?"

त्या हसल्या. बाजूच्या दोघी-तिघीही हसल्या. मास्तर निवृत्त झाला तरी प्रश्न विचारायची त्याची खोड काही गेली नाही, असे त्या हसण्यात होते. "ते काय दुखणं हाय का गुरुजी? ते तं कामच हाय!"

हे उत्तर घेऊन मी घरी आलो. माझी भाची पुण्याला फिजिओथेरपी शिकते. व्यायाम, हालचाल, शेक यांनी दुखणाईताला पुन्हा कामावर उभे करण्याचे हे शास्त्र. ती दिवाळीसाठी आजोळी आली होती. तिला मी ते वाक्य ऐकवले, तर ती एकदम सरसावून म्हणाली, "मामा, या एका वाक्यापायी मोठमोठे संशोधक खेडोपाडी हिंडले आहेत!" मला ते अतिशयोक्तीचे वाटले. पण तिने जे सांगितले आणि पुढे जे कागद पाठवले, ते वाचून मला माझ्या मायची आठवण झाली. म्हणजे माय आहे, ओट्यावर बसलेली आहे, ऐंशी ओलांडून गेली आहे. आठवण झाली ती तिच्या एका जुन्या दुखण्याची. ते आधी सांगतो.

१९९४ सालचा पावसाळा. वाशीम जिल्हा तेव्हा झालेला नव्हता, तो झाला १ जुलै १९९८ ला. आम्ही अकोला जिल्ह्यात मोडत होतो. माय बावन्न वर्षांची होती. भाद्रपदात निंदण चालू असता एक दिवस ती वाकली ती उठलीच नाही. दोघींनी दोन्हीकडून धरून घरी आणली. मी तिला एस.टी.त घालून शहरात नेली. तिथल्या एका डॉक्टरांनी तपासले, एक्स-रे काढला, मणक्यांची झीज झाली आहे म्हणाले आणि कागदावर लिहून दिले: गादी काढा, फळीवर निजवा, कंबरेला पट्टा, वाकणे बंद, वजन उचलणे बंद, संपूर्ण विश्रांती. त्या डॉक्टरांना मी आज दोष देत नाही. त्या काळी ठिकठिकाणी असेच सांगितले जाई. मीही शिकलेला माणूस. तो कागद मी पोथीसारखा पाळला.

विश्रांती किती दिवस, हे त्यावर लिहिलेले नव्हते, आणि विचारायचे मला सुचले नाही.

पहिल्या महिन्यात दुखणे थोडे उतरले. दुसऱ्या महिन्यात तिला कुशीवर वळायची भीती वाटू लागली. तिसऱ्यात तिचे पाय काडीसारखे झाले आणि मोरीपर्यंत जायचे तर ती भिंत धरू लागली. तोंडाने कधी कुरकुर करणारी बाई नव्हे, पण एकदा संध्याकाळी दिवा लावताना म्हणाली, "आता मी कामाची नाई राह्यली." आमच्याकडे 'मी मेली' म्हणण्यापेक्षा हे म्हणणे जड असते. दवाखाना, पट्टा, औषधे यांवर झालेला खर्च एकीकडे. आणि दुसरीकडे घरातली एक मजुरी बंद, तिची उठबस करायला बायको घरी म्हणून दुसरीही बंद. हे हिशेब त्या कागदावर येत नाहीत.

मार्गशीर्षात एका रात्री गाय अडली. मी तालुक्याला मुक्कामी होतो. घरात बायको एकटी, तीही शहरात वाढलेली. तिने कंदील धरला आणि रडायला सुरुवात केली. मायने ते ऐकले. भिंत धरत, मग अंगणातला खांब धरत ती गोठ्यात गेली आणि उजाडेपर्यंत तिथेच राहिली. सकाळी मी आलो तर माय पोत्यावर बसलेली, वासरू चाटून कोरडे झालेले. मी संतापलो. डॉक्टरांनी काय लिहून दिले आहे, तुला ठाऊक नाही का, असे काहीबाही बोललो. ती शांतपणे म्हणाली, "कागद गाईनं वाचला नाई, बाबू."

त्या दिवसापासून ती रोज गोठ्यापर्यंत जाऊ लागली. आठ-दहा दिवसांनी हापशीपर्यंत, मग ओढ्यापर्यंत, माघात शेताच्या धुऱ्यापर्यंत. दुखत नव्हते असे नाही. पुढच्या पावसाळ्यात ती निंदायला बसली, पण आता तिने एक नवीनच रीत धरली होती: दोन ओळी झाल्या की, दुखो वा न दुखो, उठायचे आणि चार पावले चालून यायचे. बाकीच्या बाया थट्टा करीत. मला वाटले, म्हातारपणाचा हट्ट.

भाचीने पाठवलेल्या कागदांत पहिला कागद होता भिगवणचा. पुणे-सोलापूर रस्त्यावर, उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी, इंदापूर तालुक्यात हे गाव आहे. हिवाळ्यात रोहित पक्षी पाहायला शहरी मंडळी तिथे जातात. १९९६ साली पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा हे आपली माणसे घेऊन तिथे गेले ते निराळ्याच कामासाठी. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी १९८१ पासून 'कॉपकॉर्ड' नावाची एक योजना हाती घेतलेली आहे. गरीब देशांत हाडे, सांधे, स्नायू यांची दुखणी किती, कोणाला आणि कशी, हे समजून घ्यायचे, आणि तेही दवाखान्यात बसून नव्हे तर लोकांच्या दारात जाऊन, हा त्या योजनेचा गाभा.

दारात जाण्यातच सारी खुबी आहे. दवाखान्यात कोण येतो? ज्याला दुखते तो नव्हे. ज्याला दुखते आणि शिवाय ज्याच्याजवळ एस.टी.चे भाडे आहे, ज्याची त्या दिवसाची मजुरी बुडाली तरी चालते, आणि ज्याला आपले दुखणे हे दुखणे आहे असे वाटते, तो. आमच्या काकू यांतल्या कुठल्याच वर्गात बसत नाहीत. दवाखान्याच्या वहीत त्यांचे नाव शंभर वर्षांत येणार नाही.

भिगवणला कार्यकर्ते घरोघर गेले. पाच आठवड्यांत त्यांनी ४,०९२ प्रौढ माणसे गाठली. प्रश्न ठरलेले होते. आणि जवळ माणसाची एक आकृती छापलेली असे, तिच्यावर दुखरी जागा दाखवायची. ज्यांनी दुखते म्हणून सांगितले त्यांना मग डॉक्टरांनी तपासले. अशी माणसे निघाली ७४६, म्हणजे शेकडा १८.२. साध्या भाषेत, दर पाच-साडेपाच प्रौढांमागे एक. गुडघे आणि कंबर या दोन जागा सर्वांत पुढे. ज्यात बोटांचे सांधे सुजतात, सकाळी तासतासभर आखडतात आणि वेळेवर औषध न मिळाल्यास कायमचे वाकडे होतात, तो आमवात साधारण दोनशे माणसांत एकाला निघाला. या मंडळींना औषध लवकर मिळणे हे फार महत्त्वाचे. पण उरलेल्यांपैकी बहुतेकांचे दुखणे म्हणजे झिजलेला गुडघा, ओढलेला स्नायू, किंवा ज्याला पुस्तकात धड नावही नाही अशी कंबर.

पुढे २००२ साली याच गावाविषयी आणखी एक निबंध प्रसिद्ध झाला. विषय होता, दुखणे आणि अपंगत्व यांबद्दल गावकऱ्यांच्या समजुती काय आहेत. माणसाला किती दुखते एवढेच नव्हे, तर त्या दुखण्याला तो काय म्हणतो, हेही डॉक्टरांनी विचारण्याजोगे आहे, हे वाचून माझा ऊर भरून आला. 'ते तं कामच हाय' या उत्तराला कुठेतरी रकाना आहे तर!

रकान्यांशी माझा जुना संबंध आहे. सरकारी मास्तर म्हटला की जनगणना त्याच्या कपाळी लिहिलेली. २००१ आणि २०११, दोन्ही वेळा मी घरोघर फिरलो. अपंगत्वाचा प्रश्न दोन्ही खेपांना होता. दिसत नाही, ऐकू येत नाही, चालता येत नाही, हे मी लिहून घेत असे. पण चालते, दिसते, ऐकते, दिवसभर राबते आणि रात्री कुशीवर वळताना तोंडात पदर धरते, अशा बाईसाठी माझ्याजवळ जागा नव्हती. 'अपंग कोणी नाही' असे लिहून मी पुढच्या घरी गेलो. स्वतःच्या घराचा अर्ज भरतानाही तेच लिहिले.

जगाचा हिशेब मात्र मोठा आहे. २०२० साली पृथ्वीवर ६१ कोटी ९० लाख माणसांना कंबरदुखी होती असा अंदाज आहे, आणि माणसाची उमेदीची वर्षे अपंगत्वात घालवणाऱ्या साऱ्या व्याधींत हिचा नंबर पहिला लागतो. एवढ्या मोठ्या दुखण्यावर एवढी वर्षे आपण 'निजून राहा' हा उपाय सांगत होतो, आणि तो तपासून पाहिला कधी? १९८६ साली अमेरिकेत दोन दिवस निजणारे आणि सात दिवस निजणारे यांची तुलना झाली. दोन दिवसवाले लवकर कामावर गेले आणि सात दिवसवाल्यांना जास्त निजून अधिक काही मिळाले नाही. नंतर फिनलंडमध्ये हेलसिंकी शहराच्या १८६ नोकरांची गोष्ट. एकाएकी कंबर धरलेल्या या लोकांचे तीन गट केले. एकाला दोन दिवस अंथरूण, दुसऱ्याला कंबरेचे व्यायाम, आणि तिसऱ्याला सांगितले, झेपेल तसे आपले नेहमीचे व्यवहार चालू ठेवा. सर्वांत लवकर बरा झाला तो तिसरा गट; सर्वांत मागे राहिले ते अंथरूणवाले. हे छापून आले १९९५ साली. माझी माय फळीवरून उठून गोठ्यात गेली होती, त्याला तेव्हा काही महिनेच झाले होते!

तरीही वाकण्याची भीती काही जात नाही, आणि तिचे एक कारण शास्त्रानेच पुरवलेले आहे. स्वीडनमध्ये नाकेमसन नावाच्या शल्यतज्ज्ञांनी मणक्यांमधल्या गादीत सुई घालून दाब मोजला. उभ्या माणसाच्या गादीवरचा दाब १०० धरला तर उताणे निजल्यावर तो २५ होतो, उभ्याने पुढे वाकल्यावर १५०. आकडे मोलाचे आहेत. पण त्यांवरून 'वाकाल तर गादी फुटेल' असे जे भिंतींवरचे तक्ते निघाले, त्यांनी मोठा अपकार केला असे माझे मत आहे. दाब म्हणजे दुखणे नव्हे. ओझे घेतल्याने हाडे, स्नायू बळकट होतात, हे कुठल्याही तालमीतला वस्ताद सांगेल. चूक वाकण्यात नाही. तासन्‌तास न उठता वाकण्यात आहे, आणि उक्ते काम घेतलेल्या बाईला उठणे परवडत नाही, यात आहे.

तीच गोष्ट फोटोंची. गेल्या वर्षी शेजारचा एक मुलगा आईच्या पाठीची एमआरआयची भली मोठी फिल्म घेऊन माझ्याकडे आला. "गुरुजी, गादी सरकली हाय. मायचं काम बंद केलं मी." चेहरा असा, की जणू मृत्यूचा दाखला आणला आहे. मला भाचीच्या कागदांतला एक आकडा आठवला. १९९४ सालीच अमेरिकेत ९८ माणसांचे असे फोटो काढले होते, आणि त्यांतल्या एकाचीही कंबर दुखत नव्हती. तरी ५२ टक्के लोकांत कुठे ना कुठे गादी फुगलेली दिसली. केस पिकतात तशा गाद्याही पिकतात. फोटोत दिसले म्हणजे तेच दुखते असे नाही. मी त्याला म्हटले, "काम बंद करू नको, बेतानं वाटून दे, आणि डॉक्टरांना नीट विचार, किती दिवसांनी काय करायचं." माझ्या वेळी जे विचारायचे राहिले, ते त्याला विचारायला लावले.

पण इथे एक गोष्ट ठासून सांगितली पाहिजे, नाहीतर माझ्या लिहिण्याने कोणाचे नुकसान व्हायचे. पायात जोर राहिनासा झाला, जांघेभोवती बधिरता आली, लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी, त्याच घटकेला दवाखाना गाठावा. पाठदुखीबरोबर ताप येत असेल, वजन घटत असेल, रात्री निजूनही ठणका थांबत नसेल, तर वाट पाहू नये. पाठीच्या कण्याचा क्षय आपल्या देशात अजून आहे आणि तो औषधांनी बरा होतो. पडल्या-आदळल्यानंतरचे दुखणेही निराळे. आणि ती बाजारातली रंगीत पुडी किंवा रोज एक वेदनाशामक गोळी ही विद्या सोडावी. कंबर तात्पुरती निवते आणि जठर व मूत्रपिंडे यांचा घास जातो.

भाचीने मायची गोष्ट ऐकली तेव्हा ती आजीसमोरच मांडी घालून बसली आणि एकेक विचारू लागली: "आजी, दोन ओळीच का? तीन का नाहीत?" माय म्हणाली, "तिसरीत दुखे. म्हून दुसरीतच उठो." भाचीने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की वर्गात शेवटच्या बाकावरच्या मुलाने अवघड गणित सोडवावे. अमेरिकेत सिअ‍ॅटलला फोर्डाइस नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी जुनाट दुखण्याच्या रोग्यांसाठी जी रीत बसवली आणि १९७६ साली पुस्तकात मांडली, ती अशी: दुखेपर्यंत काम आणि दुखले की विश्रांती, हे बंद. कामाचा वाटा आधी ठरवायचा, दुखण्याच्या अलीकडे थांबायचे, आणि वाटा हळूहळू वाढवत न्यायचा. दुखण्याने माणसाला थांबवायचे नाही. माणसाने स्वतः थांबायचे. गोठा, हापशी, ओढा, धुरा. माय फोर्डाइसांचे पुस्तक वाचू शकली नसती; तिला अक्षरओळखच नाही. पण गाय अडली नसती तर ही विद्या तिला स्वतःहून सापडली असती का? मला शंका आहे. कितीतरी बाया अशा फळीवरच राहिल्या असतील.

पुनर्वसन हा शब्द आपल्याकडे प्रथम धरणग्रस्तांसाठी ऐकू येतो. शरीराच्या पुनर्वसनाचे महाराष्ट्रातले एक आरंभीचे काम मुलांसाठी झाले. मुंबईच्या फातिमा इस्माईल यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. त्या धडपडीतून त्यांनी १९४७ साली अशा मुलांसाठी मुंबईत दवाखाना काढला. पुढे पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी के.ई.एम. रुग्णालयात फिजिओथेरपीची शाळा निघाली, आणि १९५५ साली संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने हाजीअलीजवळची पुनर्वसनाची संस्था. पोलिओचे मूल, हात गमावलेला कामगार, पाय तुटलेला जवान यांना उभे करण्याचे फार मोठे काम या लोकांनी केले. ज्याचे काहीच तुटलेले दिसत नाही अशा मजूर बाईची पाळी मात्र रांगेत शेवटी आली. आमच्या विदर्भातच बाबा आमटे होते. मणक्याच्या दुखण्याने त्यांना बसता येत नसे; उभे राहायचे, नाही तर आडवे व्हायचे. तशा पाठीने ते १९८५ साली कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. पण बाबा हे बाबा होते. त्यांचे उदाहरण सोंगणीवालीला देणे हा तिच्यावर अन्याय होईल.

तिला काय द्यावे? अवजारे आहेत. परभणीच्या कृषी विद्यापीठात गृहविज्ञानाच्या मंडळींनी शेतकरी बायकांचे कष्ट हलके करण्यावर बरीच वर्षे काम केले आहे. उभ्याने चालवायचे सायकल कोळपे आता गावोगाव दिसते. पण एक गंमत पाहा: अवजाराला चाक आणि दांडा आला की ते पुरुषाच्या हातात जाते, आणि बाईला उरते ते जमिनीशी वाकायचे काम. तणनाशक आले तेव्हा निंदण कमी झाले. कंबर थोडी वाचली आणि मजुरीही गेली. त्यामुळे कंबरेचा प्रश्न सोडवायला निघालेल्या माणसाला मजुरीचा प्रश्न टाळता येत नाही. २०२४ साली आमच्या वाशीमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. तिथून शिकून निघणाऱ्या मुलांनी भिगवणसारखे एखादे गाव घ्यावे. मालेगावात घ्यावे, रिसोडला घ्यावे, मानोऱ्याच्या तांड्यांवर जावे. आकृतीचा कागद घेऊन दारात उभे राहावे. मी बरोबर येईन. मला घरे माहीत आहेत.

या दिवाळीच्या आधी मीच एक आकृती वहीच्या कोऱ्या पानावर काढली. चित्रकला माझी बेतास बात. लक्ष्मीपूजनाच्या तयारीची धांदल चालली होती, माय ओट्यावर वाती वळत बसली होती. मी तिच्यापुढे पान धरले आणि म्हटले, "माय, कुठं दुखते ते यावर बोट ठेवून दाखव."

तिने पान आधी लांब धरले, मग जवळ. "हा माणूस हाय का बाई?"

"कोणीही समज."

"डोक्यावर पदर नाई म्हून पुसते." मग बराच वेळ तिचे बोट कागदावर फिरत राहिले. कंबरेजवळ आले, तिथून खाली सरकले, गुडघे ओलांडले आणि डाव्या पायाच्या टाचेवर थांबले. "इथं," ती म्हणाली. "औंदा पराटीचं धसकट रुतलं होतं. काढलं, पण टोक राह्यलं वाटते. तुह्या कागदात ते लिवता येते का?"

मी पेन्सिल काढली आणि टाचेवर फुली केली.